हैबतीनं कमावलेले पाच तारे

एका गावात एक भोळा वॉर्डबॉय होता. वॉर्डबॉय म्हटलं म्हणून पोरगा समजू नका. चांगला पंचेचाळिशीचा बाप्या, मिशा पिकायला लागलेला. पण सरकारी दवाखान्यात बॉयचा मॅन कधी होत नाही, त्याला आपण काय करणार? त्याचं नाव हैबती. गावाचं नाव मात्र सांगत नाही. तिथले लोक अजून त्याच दवाखान्यात जातात, उगाच कशाला त्यांचा धीर खचवा?

हैबती चौदा वर्षं रोजंदारीवर होता. झाडू मारायचा हैबतीनं, पेशंट उचलायचे हैबतीनं, वॉर्डात शिरलेली कुत्री हाकलायची हैबतीनं, डॉक्टरांचा डबा आणायचा तोही हैबतीनं. माणूस मनानं अगदी निर्मळ. एकच खोड होती. त्याला जे सांगाल ते तो करायचा. तुम्ही म्हणाल, मग यात खोड कसली? अहो, पुढं ऐका तर खरं.

त्या साली जिल्ह्याहून एक कागद आला. दवाखान्यात पेशंट सुखरूप राहावेत, सेवा सुधारावी, म्हणून वर बसलेल्या कुणा शहाण्यानं योजना काढली होती. चांगलं काम करा, तारे मिळवा. महिनाभरात एकही पेशंट पडला नाही, तर एक तारा. तक्रार आली नाही, दुसरा. एकाचं औषध दुसऱ्याला गेलं नाही, तिसरा. कुणाला पाच मिनिटांच्या वर ताटकळावं लागलं नाही, चौथा. आणि सगळं रजिस्टर स्वच्छ असलं की पाचवा. पाचही तारे मिळाले तर डॉक्टरांना मागतील त्या शहरात बदली, आणि दवाखान्यातल्या सगळ्यात जुन्या रोजंदारी माणसाला कायम नोकरीचा हुकूम.

डॉक्टर सबनीस तीन वर्षं त्या गावात अडकून पडले होते. बायको-मुलं शहरात, हे इथं डास मारत बसलेले. त्यांनी कागद तीनदा वाचला. हैबतीनंही वाचला. तो चौथी पास होता, पण ‘कायम’ हा शब्द त्याला बरोबर सापडला.

घरी जाऊन त्यानं आवडाला सांगितलं. आवडा म्हणजे त्याची बायको. चौदा वर्षं ती या एका शब्दाची वाट बघत होती. दर मार्चअखेर आली, की ‘उद्यापासून येऊ नको’ असं ऐकून नवरा घरी येणार या धास्तीनं तिला घास गिळवत नसे. तिनं हातातली परात खाली ठेवली.

“अवो, माजं ऐका,” ती म्हणाली. “ह्यो एक म्हैना सोताचं डोस्कं अजाबात चालवू नगा. डाक्टरसायेब सांगत्याल तसंच करायचं. काडीचा फरक न्हाई.”

“न्हाई करत फरक,” हैबती म्हणाला.

आणि त्यानं काडीचाही फरक केला नाही. तीच तर सगळी पंचाईत झाली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्याला बोलावलं. “हैबती, या महिन्यात एकही पेशंट कॉटवरून पडता कामा नये. काय वाट्टेल ते कर.”

“करतो सायेब.”

सकाळी डॉक्टर राउंडला आले. बघतात तर वॉर्डात एक कॉट नाही! बाराच्या बारा कॉटा मागच्या चिंचेखाली एकावर एक रचलेल्या. पेशंट सगळे फरशीवर गाद्या टाकून ओळीनं निजलेले. दम्याच्या ठकूआजीच्या पायथ्याशी कुणाची तरी शेळी येऊन बसली होती. आजीच्या पायांना ऊब लागत होती, म्हणून आजीनं तिला हाकललं नाही.

“हे काय?” डॉक्टर ओरडले. “कॉटा कुठायत?”

“भाईर, सायेब. आता कुनी कॉटवरनं पडून दावावंच!”

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. “अरे मूर्खा, पेशंट जमिनीवर ठेवतात का? माणूस जमिनीवर दिसला रे दिसला, की त्याला उचलायचा, कॉटवर घालायचा आणि दोन्ही बाजूंनी फळ्या लावायच्या. म्हणजे पडायचा नाही. शिरलं का डोक्यात?”

“शिरलं सायेब.”

आणि खरंच शिरलं होतं. हैबतीच्या डोक्यात एकदा शिरलेलं सहसा बाहेर येत नसे. आत अडवायला दुसरं काही नव्हतं, त्यामुळं ते ऐसपैस बसायचं.

कॉटा परत आत आल्या. आता फळ्या हव्यात म्हणून दौलू सुताराला बोलावणं गेलं. दौलू आला, हत्यारांची पिशवी घेऊन सात नंबरच्या कॉटखाली शिरला आणि उताणा पडून ठोकायला लागला. सात नंबरचा पेशंट हर्नियाचा. दुपारी त्याचं ऑपरेशन, म्हणून कॉटला चिठ्ठी लटकवलेली: ‘एनिमा देणे’. चिठ्ठी वाचून तो मघाशीच संडासाकडे गेला होता, आणि एवढ्यात परतायचा त्याचा विचार दिसत नव्हता.

कॉटखाली दौलूच्या अंगठ्यावर हातोडी बसली. “आई गं, मेलो!”

हैबती झाडू मारत होता. त्यानं वाकून बघितलं. माणूस. जमिनीवर. कण्हतोय. अजून काय पाहिजे? त्यानं दौलूचे दोन्ही पाय धरले, ओढून बाहेर काढला, उचलला आणि कॉटवर घातला. दोन्ही बाजूंना फळ्या लावल्या. त्या दौलूनं नुकत्याच घासून ठेवल्या होत्या, चांगल्या पक्क्या बसल्या.

“अरं, काय करतूस? सोड मला!”

“उठू नका पावनं, पडाल. आमचा तारा जाईल.”

“कसला तारा? मी सुतार हाय!”

तेवढ्यात रणपिसे सिस्टर आल्या. बाई कामाला वाघ, पण एकट्या. बारा पेशंट, दोन हात, आणि भिंतीवर घड्याळ. पाच मिनिटांच्या वर एकाला जरी ताटकळवलं तरी तारा जाणार. त्यांनी सात नंबरची चिठ्ठी वाचली, सात नंबरचा माणूस बघितला आणि नळी उचलली.

“सिस्टर, मी सुतार हाय!”

“हो का? परवाचा शिक्षक होता. तोही असाच ओरडत होता. कुशीवर व्हा.”

“अवो, मला कायबी झालेलं न्हाई!”

“आत्ता होईल. हैबती, धर रे याला.”

हैबतीनं धरला. चार मिनिटांत सगळं उरकलं. वेळेच्या बाबतीत तो महिन्यातला उच्चांक होता. मग दौलू जो उठला, तो फळीवरून उडी मारून हत्यारं तिथंच टाकून पळत सुटला. कुठं पळाला ते विचारू नका. संडासात आधीच हर्नियावाला बसलेला होता, एवढंच सांगतो.

संध्याकाळी दौलू परत आला. हत्यारं घेतली, एक कागद भरून तक्रार लिहिली, व्हरांड्यातल्या तक्रारपेटीत घातली आणि पेटीला एक लाथ मारून गेला. पेटीची किल्ली डॉक्टरांपाशीच असे. त्यांनी पेटी उघडली, तक्रार वाचली, तिचे बारीक तुकडे केले आणि हैबतीला समोर उभा केला.

“अरे, दिसला माणूस की उचलला? आधी विचारायचं असतं! नाव विचारायचं, वडिलांचं नाव विचारायचं, गाव, वय, काय होतंय, कधीपासून होतंय. हे सगळं विचारून ओळख पटली की मगच हात लावायचा. तोपर्यंत बोटसुद्धा लावायचं नाही. शिरलं का डोक्यात?”

“शिरलं सायेब.”

तक्रार फाडली, पण डॉक्टरांच्या मनाला चैन पडेना. एक आली, उद्या दुसरी येईल. दर वेळी आपण किल्ली घेऊन थोडेच बसणार? त्यांनी विचार केला आणि त्यांना उपाय सुचला. तक्रारी बंद करायच्या तर पेटी काढता येत नाही, कागदात लिहिलंय पेटी पाहिजे. पण पेटी किती उंचीवर पाहिजे, ते कुठं लिहिलंय? बघा, शिकलेलं डोकं ते!

त्यांनी व्हरांड्यात टेबल मांडलं. टेबलावर स्टूल ठेवलं. स्टुलावर चढले आणि पेटी पार पत्र्याजवळ, वाशाला ठोकली. पेटी पक्की बसली. स्टूल मात्र हललं. एक पाय टेबलाच्या कडेवरून सुटला. डॉक्टरांनी वासा पकडला आणि ओरडले, “हैबती! धर! धर मला!”

हैबती बादली टाकून धावला. दोन्ही हात पुढं केले. डॉक्टर आता त्याच्या हातात येणार, एवढ्यात त्याला आठवलं. त्यानं हात मागं घेतले.

“नाव काय आपलं?”

“अरे गाढवा, धर!”

“नाव सांगा आदी. बोटबी लावता येत न्हाई.”

“सबनीस! अच्युत सबनीस!”

“वडलांचं?”

“केशव! अरे, हात निसटतोय!”

“गाव?”

“पुणे! पुणे!”

“वय?”

“एकेचाळीस! हैबती, पाया पडतो तुझ्या!”

“काय व्हतंय?”

“पडतोय! पडतोय मी!”

“कवापासनं?”

धडाड्!

डॉक्टर आधी टेबलावर आले, मग टेबलासकट फरशीवर. पाय मोडला. वॉर्डाच्या खिडकीतून ठकूआजीनं सगळं बघितलं आणि तिला हसू आवरेना. हसताना दम लागला, तरी हसायची थांबली नाही.

हैबती धावत ऑफिसात गेला आणि पडल्याच्या नोंदीचं रजिस्टर घेऊन आला. दवाखान्यात कुणी पडलं तर खरं खरं लिहायचं, म्हणजे पुढं सुधारणा करता येते, असं जिल्ह्याच्या कागदातच होतं. तो फरशीवर मांडी घालून बसला आणि पेन्सिल जिभेला लावली.

“काय लिहितोस?” डॉक्टर कण्हत म्हणाले.

“डाक्टरसायेब पडले.”

“ए, ए! खबरदार! मी पडलेलो नाही.”

हैबतीनं पेन्सिलीनं पायाकडे दाखवलं. “सायेब, आसं काय करताय? तुमी पडलायसा. ह्यो बगा तुमचा पाय. त्यो तिकडं वळलाय.”

“रजिस्टरात आहे का मी पडल्याचं?”

“अजून न्हाई.”

“मग नाही! या महिन्यात जे रजिस्टरात नाही, ते झालंच नाही. शिरलं का डोक्यात?”

हैबतीनं जरा वेळ डॉक्टरांच्या पायाकडे बघितलं. मग पेन्सिल कानावर ठेवली. “शिरलं सायेब.”

डॉक्टरांना उचलून त्यांच्या राहत्या खोलीवर नेलं. प्लास्टर तिथंच घातलं, दवाखान्यात घातलं तर लिहावं लागलं असतं. रणपिसे सिस्टर प्लास्टर घालताना एकदाच म्हणाल्या, “सर, एक विचारू? या योजनेत पेशंटनं बरं व्हायला तारा आहे का?” डॉक्टरांनी कागद पुन्हा वाचला. तसा तारा नव्हता. मग त्यांनी दवाखान्यातली सगळी रजिस्टरं मागवली, कपाटात घातली, कुलूप लावलं आणि किल्ली उशीखाली ठेवली. म्हणजे कुणी लिहायलाच नको.

तीन दिवसांनी केरबाची बायको बाळंतपणाला आली. पहिलटकरीण. केरबा बाहेर फेऱ्या मारतोय, त्याची आई जपमाळ ओढतेय. सव्वानऊला मुलगी झाली. गोरीगोमटी, आवाज खणखणीत. सिस्टरांचे हात गुंतलेले. त्यांनी आतूनच हाक दिली, “हैबती, नोंद कर रे! मुलगी, अडीच किलो!”

हैबती रजिस्टर आणायला गेला. कपाटाला कुलूप. तो परत आला आणि दारात उभा राहून विचार करायला लागला. विचार करायचा नाही असं बायकोनं बजावलेलं, म्हणून त्यानं तो लगेच थांबवला.

केरबा पुढं झाला. “हैबतीदा, काय झालं?”

“काय न्हाई झालं.”

“म्हंजी?”

“रजिस्टरात न्हाई. म्हंजी झालं न्हाई.”

केरबाचं तोंड पांढरं पडलं. त्याच्या आईनं जपमाळ टाकली आणि हंबरडा फोडला. “आगं माजं लेकरू!” तिचं रडणं ऐकून समोरच्या किराणा दुकानातली माणसं आली. बाजारातल्या बाया आल्या. दहा मिनिटांत अर्धं गाव दवाखान्याच्या अंगणात. एकजण केरबाला पाणी पाजतोय, एकजण म्हणतोय, धीर धर बाबा. आणि आतून ‘ट्यँहा, ट्यँहा’ चाललेलं.

“आनि ह्ये कोन रडतंय मग?” केरबाच्या आईनं पदर बाजूला करून विचारलं.

हैबती म्हणाला, “ते बी न्हाई रडत, मावशे.”

शेवटी सिस्टर पोर घेऊन बाहेर आल्या, तेव्हा कुठं म्हातारीचा जीव भांड्यात पडला. आणि मग तिनं जी चप्पल काढली, ती हैबतीच्या पाठीवर दोनदा आणि गर्दीत चुकून किराणावाल्याच्या एकदा बसली. केरबा तक्रार लिहून घेऊन आला. पेटी पत्र्याला टेकलेली. त्यानं दोन उड्या मारल्या, वर बघितलं, एक शिवी दिली आणि बाप झाल्याच्या आनंदात कागद खिशात घालून गेला. अशा रीतीनं त्या महिन्यात एकही तक्रार आली नाही.

गलका ऐकून डॉक्टर एका पायावर उड्या मारत खोलीतून आले.

“अरे दगडा! जन्माला आलेलं पोर झालं नाही म्हणतोस?”

“तुमीच म्हनाला व्हता सायेब. रजिस्टरात न्हाई त्ये—”

“ते लोकांसाठी नाही! लोकांना कोण विचारतो? ते तपासणीच्या साहेबांसाठी. आता कान उघडून ऐक. परवा जिल्ह्याचे साहेब येतील. ते तुला काहीही विचारोत, तू एकच सांगायचं. रजिस्टरात असेल तर आहे, नसेल तर नाही. ते गोड बोलतील, दम देतील, शब्दात पकडतील. आपल्यातलाच कुणी खुणा करील. बदलायचं नाही.”

“तुमी सोता सांगितलं तरी?”

“मी सांगितलं तरी! देव खाली उतरला तरी! शिरलं का डोक्यात?”

“शिरलं सायेब,” हैबती म्हणाला. या वेळी तर फारच खोल शिरलं.

तपासणीचा दिवस उजाडला. जिल्ह्याहून पडवळसाहेब जीपमधून आले. मोठा माणूस, हातात जाड फाइल. फाइलीत डॉक्टरांच्या बदलीचा कागद होता आणि हैबतीच्या कायम नोकरीचा हुकूमही तयार होता. फक्त सही व्हायची बाकी. आवडा सकाळीच ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून वॉर्डाच्या दाराशी येऊन उभी राहिली होती. हुकूम हातात पडलेला तिला आपल्या डोळ्यांनी बघायचा होता.

पडवळसाहेबांनी वॉर्ड बघितला. सगळ्या कॉटांना फळ्या. फळ्यांच्या आत पेशंट, लोणच्याच्या फोडी बरणीत बसाव्या तसे गप्प. साहेबांनी पडल्याचं रजिस्टर उघडलं. कोरं. मग ते हैबतीकडे वळले, कारण खरं बोलायला नेहमी खालच्या माणसालाच विचारायचं असतं.

“काय हो, या महिन्यात दवाखान्यात कुणी पडलं का?”

“रजिस्टरात न्हाई सायेब. म्हंजी न्हाई.”

साहेबांचे डोळे चमकले. “वा! आणि तक्रार?”

“रजिस्टरात न्हाई. म्हंजी न्हाई.”

“एकाचा उपचार दुसऱ्याला?”

“रजिस्टरात न्हाई. म्हंजी न्हाई.”

“शाबास!” साहेब म्हणाले. “सबनीस, मी चाळीस दवाखाने फिरलो. असा तयार माणूस कुठं बघितला नाही.”

मघापासून ठकूआजीची चुळबुळ चालली होती. ती फळीवर हनुवटी टेकून म्हणाली, “अवो सायेब, ह्यो डाक्टरच पडला की! म्या बगितला. पयला टेबलावर, मग खाली.”

पडवळसाहेबांनी प्लास्टरमधल्या पायाकडे बघितलं. मग रजिस्टराकडे बघितलं. कशावर विश्वास ठेवायचा हे त्यांना नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकवलेलं होतं.

“आजी,” ते गोड आवाजात म्हणाले, “तुमचं वय झालं.”

आणि त्यांनी पाचही तारे दिले. पितळेचे होते, मागं खिळा. साहेबांच्या शिपायानं वॉर्डातल्या पाटीवर ते एकापाठोपाठ एक ठोकले. डॉक्टरांच्या हातात बदलीचा कागद पडला. डॉक्टरांनी तो डोळ्यांना लावला, खिशात घातला, आणि खिशावर हात तसाच ठेवला.

“आता याचा हुकूम,” साहेब म्हणाले आणि पेन उघडलं. आवडानं दाराची चौकट घट्ट धरली. “जरा हजेरीचं रजिस्टर बघू. याची चौदा वर्षं झाल्याची खात्री करून घेतो. नियम आहे.”

रजिस्टर आलं. साहेबांनी पानं उलटली. पुढची उलटली, मागची उलटली. “यात हैबतीचं नाव नाही.”

नाव नव्हतंच. चौदा वर्षांत सहा डॉक्टर येऊन गेले. रोजंदारीचा माणूस, याचं नाव काय लिहायचं, असं प्रत्येकाला वाटलं. सबनिसांनाही वाटलं होतं. ते लाजले. काही झालं तरी माणूस वाईट नव्हता. ते पुढं आले आणि म्हणाले, “साहेब, चूक आमची आहे. लिहायचं राहून गेलं. पण मी साक्ष देतो, हा माणूस रोज येतो.”

“मीही देते,” रणपिसे सिस्टर म्हणाल्या. “हा नसता तर मी कधीच पळून गेले असते.”

बारा कॉटांवरनं बारा आवाज आले, “व्हय सायेब, हाय त्यो! रोज असतुय!”

पडवळसाहेब विरघळले. पाच तारे दिलेला दिवस होता, मनही मोठं झालेलं होतं. “ठीक आहे,” ते म्हणाले. “एवढे लोक सांगतायत. मी याच्याच तोंडून एकदा ऐकतो आणि सही करतो. सांग बाबा, चौदा वर्षं तू या दवाखान्यात काम करतोस ना?”

सगळा वॉर्ड हैबतीकडे बघायला लागला. पेनचं टोक कागदापासून बोटभर वर. डॉक्टर मान हलवून ‘हो म्हण, हो म्हण’ करत होते.

हैबतीनं ते बघितलं आणि त्याला आतून हसू आलं. साहेब गोड बोलतील, आपल्यातलेच खुणा करतील. सगळं डॉक्टरांनी सांगितल्यासारखंच चाललं होतं! पण आज तो फसणार नव्हता. महिनाभर एवढी बोलणी खाल्ली, आज तो एकही चूक करणार नव्हता.

“अवो, व्हय म्हना!” आवडा दारातून किंचाळली. “तुमच्या पाया पडते, व्हय म्हना!”

हैबतीनं तिच्याकडे मोठ्या प्रेमानं बघितलं. छाती पुढं काढली. आणि वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असं म्हणाला, “रजिस्टरात न्हाई सायेब. म्हंजी न्हाई!”

“हैबती!” डॉक्टर ओरडले. “अरे, मी सांगतो, हो म्हण!”

“तुमी सांगितलं तरी न्हाई, सायेब.”

आवडा मटकन खाली बसली. सिस्टरांनी तोंड भिंतीकडे केलं. पडवळसाहेबांनी पेन बंद केलं, हुकुमाची घडी घातली आणि ती फाइलीत ठेवली. खरं सांगायचं तर त्यांना त्याचं कौतुकच वाटलं. पण पुढच्याच क्षणी त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“सबनीस, हा जर इथं कामाला नाही, तर मग परका माणूस पेशंटच्या वॉर्डात फिरतोय कसा? उद्या काही झालं तर? ही तर सुरक्षेची गंभीर चूक आहे. मला एक तारा काढावा लागेल. आणि चार ताऱ्यांवर बदली होत नाही.”

डॉक्टरांचा हात खिशावर आवळला. त्यांनी हैबतीकडे बघितलं. खाली बसलेल्या आवडाकडे बघितलं. मग पाटीवरच्या ताऱ्यांकडे बघितलं, आणि तिथं मात्र जरा जास्त वेळ बघितलं.

“छे छे साहेब, आत्ता बाहेर काढतो त्याला,” ते घाईनं म्हणाले. वॉर्डातून कुणालाही बाहेर काढायचं म्हटलं की त्या दवाखान्यात एकाच माणसाला हाक मारायची पद्धत होती. डॉक्टरांच्या तोंडून ती हाक आपसूक निघाली. “हैबती! याला बाहेर काढ!”

“व्हय सायेब!”

हैबतीनं उजव्या हातानं स्वतःची कॉलर धरली. ओढत ओढत वॉर्डातून काढला, व्हरांड्यातून काढला, अंगणातून काढला. फाटकापाशी तो जरा अडखळला, तर पाठीत एक गुद्दा घातला. बाहेर आल्यावर त्यानं फाटक लावलं, कडी घातली, आणि स्वतःला बोट दाखवून दम भरला, “पुन्यांदा आत दिसलास तर बग!”